कडूबा सरांची जागा

१

लिफाफ्यातून निघाला तो कोरा कागद.

प्राचार्यांनी तो उलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिला, मग लिफाफ्यात पुन्हा दोन बोटं घालून चाचपलं. आत दुसरं काही नव्हतं. खोलीत चार माणसं होती, आणि मेलेल्या माणसाचं शेवटचं पत्र कुणीतरी चोरलं आहे हे चौघांच्याही चेहऱ्यावर एकाच वेळी उमटलं.

मलकापूरच्या त्या कॉलेजात शारीरिक शिक्षण निदेशकाची जागा भरायची होती. एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. सगळे तिला 'फुटबॉलची जागा' म्हणत, नाहीतर सरळ 'कडूबा सरांची जागा'. कडूबा सरांनी बारा वर्षं ती सांभाळली. गेल्या वर्षी, म्हणजे पासष्टच्या दिवाळीच्या तोंडावर, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आणि रेल्वे फाटकापलीकडचं ग्राउंड सोडून ते गावातल्या घरी खाटेला खिळले. गेल्या शुक्रवारी त्यांनी डाव्या हातानं लिहिलेलं एक पत्र बंद लिफाफ्यात घालून कॉलेजात पाठवलं. या जागेत काय आहे आणि ती कुणाला द्यावी, एवढंच त्यात लिहिलं होतं म्हणतात. रविवारी सर गेले. आज बुधवार होता.

निवड समितीत तिघे होते. पुण्याहून आलेले प्राचार्य, संस्थेचे शेषराव पाटील आणि 'गावातले प्रतिष्ठित नागरिक' म्हणून वामनराव. प्रतिष्ठित हा शब्द वामनरावांना स्वतःलाच बोचत असे. भुसावळ ते बडनेरा तीस वर्षं त्यांनी लोकांची तिकिटं तपासली होती. त्यातून पेन्शन मिळाली, गुडघेदुखी मिळाली आणि माणसाच्या तोंडाकडे संशयानं पाहायची खोड मिळाली. चौथे होते हेडक्लार्क किसनराव, वामनरावांचे शाळेपासूनचे जोडीदार. लिफाफा त्यांच्याच कपाटात होता.

मनं आधीच कलायला नकोत म्हणून पत्र मुलाखती झाल्यावर फोडायचं ठरलं होतं. मुलाखतीला दोघेच आले. दोघांनाही प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला, "या जागेत तुम्हाला हवंसं काय वाटतं?"

पहिला होता दयाराम हिवाळे. अमडापूरचा, बौद्ध घरातला, सरांचा जुना विद्यार्थी. वर्षभर सरांच्या जागी बिनपगारी पोरं खेळवत होता. तो आपल्या चपलांकडे पाहत म्हणाला, "मले दुसरं काई येत नाई, सर." झाली मुलाखत.

दुसरा जानराव, संग्रामपूरकडचा. उंच, धुतल्या कपड्यांतला, अमरावतीहून व्यायामाचा दाखला घेतलेला. "सकाळच्या गाडीनं उतरलो, आधी ग्राउंड पाहून आलो," तो म्हणाला. मग शांतपणे बोलू लागला. "पगारासाठी ही जागा कोणी मागू नये. सकाळी सहाला बावीस पोरं वाट पाहत उभी असतात, एवढी वाट माणसाची घरीही कोणी पाहत नाही. तिथं पाण्याचा माठ एक आणि ग्लास एक. उत्तरेकडच्या गोलमागं एक निंब लावलाय, तो आता आडव्या दांडीला लागला. दोन-चार वर्षांत पोरं त्याच्या सावलीत बूट सोडतील. झाड आणि पोरगं वाढताना पाहायची नोकरी दुसरी कुठं मिळते?"

वामनरावांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

आणि आता हा कोरा कागद.

"पाकीट आणलं कोणं? दयारामनं," शेषराव गरजले. "त्यात त्याचं नाव नसंन, म्हून रस्त्यात कागद बदलला. यात कोडं कशाचं?"

किसनराव हातरुमालानं मान पुसत होते. खालच्या आवाजात म्हणाले, "बोलू नये, पण पाकीट हाती आलं तेव्हा त्याचं तोंड जरा ओलसर होतं. आत्ताच चिकटवल्यासारखं."

प्राचार्यांनी निर्णय करून टाकला. दयारामचा अर्ज रद्द, आणि पोलिसात तक्रार. वामनराव एवढंच म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. पोराचा जलम जाईन. एक दिवस उसना द्या मले."

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या पाच वाजेपर्यंत," ते म्हणाले.

२

बिनतिकिटाचा प्रवासी ओळखायची वामनरावांची एक रीत होती. तिकीट आहे का, हे ते शेवटी विचारत. आधी विचारत, कुठं चालले आणि कशासाठी. इथंही त्यांनी तेच करायचं ठरवलं. पत्र कुणी नेलं हे विचारून कुणी सांगणार नव्हतं. या जागेत आहे तरी काय, हे विचारलं की माणूस आपोआप बोलतो.

शेषराव आपल्या जिनिंगच्या ओसरीत बसले होते. मागं सरकीचा ढीग, हवेत कापसाचे तंतू. मलकापुरात त्या दिवसांत श्वाससुद्धा कापूस लागलेलाच यायचा.

"खरं सांगू का वामनराव? त्या जागेत सही हाये," शेषराव म्हणाले. "फुटबॉलचा सर कागदावर सही करते, का हे पोरगं विद्यापीठाच्या टीममंधी खेळलं, आन् पोरगं रेल्वेत लागते, पोलिसात लागते. गावोगावचे बाप त्याच्या दारात उभे राह्यतात. मले आमदारकी नको. ती सही पाह्यजे."

"मंग कडूबानं कधी देली का तुमाले?"

"एकबी नाई! बारा वर्षांत एकबी नाई. जो खेळला त्याचीच सही करे. त्याचा चेला तसाच निंगन. आन् तो माठ..." शेषराव थांबले, पान थुंकले. "जाऊ द्या."

"काऊन जाऊ द्या? बोला की."

"आमच्या घरची पोरं त्याच माठातलं पाणी पेतात. मी काई म्हणत नाई, कायदा हाये. पण माणसाले वाटते."

"आन् हा जानराव तुमचा कोण?"

"कोणीच नाई. आजच थोबाड पाह्यलं त्याचं. दयाराम सोडून कोणीबी चालते मले."

माणूस एवढ्या उघडपणे वाईट असला की त्याचा संशय घेणं जड जातं. वामनराव उठले. शेषरावांना हवं ते मिळण्यासाठी चोरीची गरजच नव्हती. समितीत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

तिथून ते किसनरावांकडे गेले. रोजच जात. चाळीस वर्षं दोघांची संध्याकाळ एकाच ओट्यावर मावळत होती. पण आज ओट्यावर बसताना वामनरावांना वाटलं, किसन जरा लगबगीनं आतलं दार ओढून घेतोय.

"तुले काय वाटते किसन? काय हाये त्या जागेत?"

"पक्की जागा हाये, दुसरं काय," किसनराव म्हणाले. "ग्राउंडाकडे तं मी पाच वर्षांत फिरकलो नाई. गुडघे कुठं चालू देतात? पण जागा पक्की. पोराच्या हाती पक्की जागा असली का पोरीचा बाप मांगं-पुढं पाह्यत नाई."

आतून त्यांची आशा चहा घेऊन आली. पोरगी पंचविशीला टेकलेली. दोन स्थळं सुपारी फुटून मोडलेली. आज तिच्या तोंडावर वेगळंच पाणी होतं. कपबशी ठेवताना ती उगीचच हसली आणि आत पळाली.

"सुपारी फुटली वाटते," वामनराव म्हणाले.

"हाव. मांगच्या महिन्यात."

"आन् मले सांगतलं नाईस? कुठचं स्थळ?"

"हाये तिकडचंच. सातपुड्याच्या अंगाचं." किसनरावांनी बशीतला चहा फुंकला. "पोराचं अजून जरा ठरून राह्यलं. ठरलं का पह्यलं तुलेच सांगीन."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच किसनरावांच्या घरचा चहा वामनरावांना कडू लागला. का, ते त्यांना कळलं नाही. कळून घ्यायची त्यांना इच्छाही नव्हती.

३

गुरुवारी सकाळी सहाला ते फाटक ओलांडून ग्राउंडावर गेले. वर्षभरात पहिल्यांदाच. फुटबॉलच्या जागेचा निकाल करायला बसलेल्या तिघांपैकी एकानंही वर्षात फुटबॉलचं ग्राउंड पाहिलं नव्हतं. कमिट्या अशाच असतात.

मुरमाड, उघडंबोडकं मैदान. पलीकडून मालगाडी चालली होती. पोरं पळत होती आणि दयाराम वाकून फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढत होता. चोर ठरवलेला माणूस, आज संध्याकाळी पोलीस येणार हे माहीत असून, रेघा सरळ येतात की नाही ते पाहत होता.

"आज कायले रेघा मारून राह्यला रे?"

"गुरुवार हाये, काका. गुरुवारी रेघा असतात." त्यानं हात झटकले. "सर म्हणत, रेघ नसली का पोरगं कुठंबी थांबते."

"पाकीट कसं आणलं तू?"

"शुक्रवारी सकाळी सरांच्या घरच्या मायनं हाती देलं. मी सरळ ऑफिसात गेलो. प्राचार्य नागपूरले गेलते म्हून किसनरावांच्या हाती देलं. त्याईनं पोच देली. मधात कुठं थांबलो नाई."

"आत काय होतं, माहीत होतं तुले?"

"नाई. सरांनं सांगतलं नाई, मी पुसलं नाई." तो जरा थांबला. "काका, लोक म्हणतात माहं नाव नोतं म्हून मी बदललं. नसंनबी नाव. पण सरांचं अक्षर मी फाडीन? डाव्या हातानं लिवलेलं?"

आवाज फुटला तसा त्यानं तोंड फिरवलं. वामनराव कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. माठ एक, ग्लास एक, जानराव म्हणाला होता तसंच. पाणी प्यायले. मग त्यांना वाटलं, एवढं आलोच आहोत तर तो निंबही पाहावा. ते उत्तरेकडच्या गोलमागं गेले.

तिथं विटांचं एक गोल आळं होतं. आळ्यात बोटाएवढी एक काडी उभी होती, करड्या रंगाची, कोरडी ठणठणीत. वामनरावांनी हात लावला तशी ती मोडून हातात आली.

त्यांनी दुसऱ्या टोकाच्या गोलकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. त्या अख्ख्या मैदानावर कावळ्याला बसायलाही झाड नव्हतं.

"दयाराम!" त्यांनी हाक मारली. "इथं निंब होता नं?"

दयाराम आला. काडी पाहून त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"होता, काका. वैशाखातच वाळला."

४

कडूबा सरांच्या घरी दारात दोन बाया बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. सरांच्या पत्नी मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सरांची खाट उभी करून ठेवली होती.

दयाराम उंबऱ्यातच उभा राहिला. बोलला तो जमिनीकडे पाहून. "मांगच्या पावसाळ्यात सरांनं लावला होता. दोन महिन्यांनं सर पडले. पह्यली गोष्ट पुसली तं निंबाले पाणी घातलं का. मंग रोजच पुसत. वैशाखात तो वाळला तं मले सांगवलं नाई. म्हटलं, नवी पालवी आली. मंग पुसत केवढा झाला. कधी कमरेले लागला म्हणो, कधी छातीले. मांगच्या महिन्यात सांगतलं, दांडीले लागला."

"आन् हे डोळे मिटून ऐकत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"वहिनी, हे आणखी कोणाले माहीत होतं? दांडीले लागल्याचं?"

"कोणाले असंन? तोंड वाकडं झाल्यापासून त्याईनं कोणाले खोलीत येऊ देलं नाई. सख्ख्या भावालेबी दारातून वापस पाठवलं. मी आन् हा, दोघंच."

"तुम्ही कोणापाशी बोलले?"

"जे झाड नाई त्याच्या गोष्टी मी लोकाईले सांगू?"

वामनरावांनी मोडलेली काडी खिशातून काढून मांडीवर ठेवली. तीस वर्षांत एवढं स्वच्छ बिनतिकिटाचं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. जानराव म्हणाला होता, सकाळी ग्राउंड पाहून आलो, निंब दांडीला लागलाय. ग्राउंड पाहिलेल्या माणसाला निंब दिसलाच नसता. तो दांडीएवढा निंब मलकापुरात एकाच ठिकाणी उभा होता, या खोलीत. इथून तो बाहेर गेला असेल तर एकाच वाटेनं गेला असेल.

"पत्रात सरांनं निंबाचं लिवलं होतं का?"

"मले वाचता येत नाई, भाऊजी. पण लिवताना मले पुसलं होतं, दयाराम दांडीच म्हणाला नं, का दांडीच्या वर? दोन कागद झाले. तीन दिवस लागले त्याईले."

"पाकीट कोणं चिकटवलं?"

"मीच. ज्वारीच्या पिठाची खळ करून. गुरुवारी सांजच्याले चिकटवलं आन् रातभर पाट्याखाली दाबून ठेवलं. सकाळी खडखडीत वाळलं होतं."

"ओलसर नोतं?"

"कसं राहीन ओलसर?"

वामनराव काडीकडे पाहत बसले. एका खोट्याशी दुसरं खोटं आता आपोआप जुळत होतं. पाकीट ओलं होतं असं एकच माणूस म्हणाला होता. कपाटाची किल्लीही त्याच्याच करगोट्याला होती. आणि सातपुड्याच्या अंगाला, पायथ्याशीच, संग्रामपूर होतं.

दयाराम घाबरून म्हणाला, "काका, काय झालं? बरं नाई का तुमाले?"

"बराच हाओ," वामनराव म्हणाले आणि भिंतीचा आधार घेऊन उठले. "चोर सापडला म्हून जरा बसलो होतो."

५

दुपारच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. किसनराव डबा उघडून बसले होते, जेवत नव्हते. वामनरावांनी काहीही न बोलता ती काडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय बे?"

"निंब. दांडीले लागलेला."

किसनरावांना कळलं नाही. वामनरावांनी सगळं सांगितलं. वैशाखात वाळलेलं झाड, दयारामचं खोटं, जानरावचं गोड भाषण. सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता.

"तो ग्राउंडावर गेलाच नाई, किसन. मंगळवारीच आला असंन आन् तुह्या घरी झोपला; काल तू आतलं दार ओढलं ते त्याच्यासाठीच. त्याले तू पत्र वाचाले देलं. कडूबाचे शब्द पाठ करून त्यानं कमिटीत म्हटले. आन् मी येडा रडलो." त्यांनी ती काडी पुढं सरकवली. "पाकीट ओलं नोतं रे. ओलं तूच केलं होतं, वाफेवर धरून. एवढंबी मी समजून घेतो, पोरीचा बाप हायेस. पण दयारामवर घातलं काऊन तू? त्याची माय बनाबाई या वयात दुसऱ्याचा कापूस येचते. तिच्या पोराले चोर म्हणाले तुही जीभ वळली कशी?"

किसनराव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, नीट दाबलं.

"दोन सुपाऱ्या मोडल्या वामन, तुले माहीत हाये. हे तिसरं. पोराचा बाप म्हणे, नोकरी लागली का दुसऱ्या दिवशी लगन. म्या म्हटलं, निदान पत्रात काय हाये ते पाहू. पह्यलं पान वाचलं, लय चांगलं होतं. दुसऱ्या पानाच्या पह्यल्याच ओळीत दयारामचं नाव. तिथंच घडी घातली. पुढं वाचवलं नाई. जानरावले पह्यलंच पान देलं. त्यातलं निंबाचं खोटं हाये हे मले कसं कळावं? ग्राउंडावर मी कधी गेलो?"

"पत्र जाळलं?"

किसनराव उठले. कपाट उघडून त्यांनी कडूबा सरांचं सर्व्हिस बुक काढलं. पानांत दोन कागद घडी घालून ठेवले होते.

"जाळाले काडी ओढली होती. पण अक्षर पाह्यलं," ते म्हणाले. "नुकतंच शाळेत गेलेल्या पोरासारखं अक्षर, वामन. नाई जाळवलं."

कागद घेऊन वामनराव दाराशी गेले, तेव्हा मागून किसनरावांनी विचारलं, "आशाले कोण सांगन?"

वामनराव कागद खिशात घालून बाहेर पडले.

६

पाच वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. जानराव नव्हता. दुपारच्या गाडीनं तो निघून गेला होता, बिछाना किसनरावांच्या घरीच टाकून. किसनरावांनी उभ्यानंच कबुली दिली आणि राजीनामा टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीसारखं वळणदार होतं. मग ते कुणाकडेही न पाहता गेले. जाताना वामनरावांच्या खुर्चीजवळ त्यांचं पाऊल क्षणभर अडलं, पण वामनरावांना मान वर करता आली नाही.

दयाराम भिंतीशी उभा होता. मनकर्णाबाई दारात बसल्या. प्राचार्यांनी पहिलं पान वाचलं. माठ, बावीस पोरं, दांडीला लागलेला निंब. तेच शब्द, आता हक्काच्या माणसाचे. मग त्यांनी दुसरं पान घेतलं. वाकडंतिकडं अक्षर लावत, अडखळत ते वाचू लागले.

"ही जागा दयाराम कचरू हिवाळे याला द्यावी. त्याचा खेळ मध्यम आहे. त्याच्याहून चांगले खेळाडू मी रेल्वेला दिले. पण मागच्या पानावर निंबाचं जे लिहिलं ते त्याच्या तोंडचं आहे. तो निंब वाळला हे मला ठाऊक आहे."

दयारामनं चमकून वर पाहिलं.

"मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे. मुरमाड जमिनीत निंब सव्वा वर्षात दांडीला लागत नाही. हा पोरगा त्याला आठवड्याला चार बोटं वाढवतो. पडलेल्या माणसाला उद्याची वाट पाहायला लावणं, हीच या जागेची विद्या. सामना हरलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी सहाला ग्राउंडावर आणायचं असतं. बाकी नियम पुस्तकात आहेत. या जागेत काय आहे असं मला बारा वर्षं लोक विचारत. मला ते खाटेवर पडल्यावर कळलं, कारण या वर्षी पोरगं मी होतो आणि सर तो होता. मी असेपर्यंत हे त्याला सांगू नये. त्याचं सांगणं थांबेल."

प्राचार्यांनी कागद खाली ठेवला. मग नेमणुकीचा कागद पुढं ओढून त्यावर सही केली. शेषराव सहीसाठी बराच वेळ पेन शोधत राहिले. ते त्यांच्या खिशातच होतं. शेवटी त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात दयारामच्या हातात नेमणुकीचा कागद होता. अंधारून आलं होतं. किसनरावांच्या गल्लीकडे आज वामनरावांची पावलं वळणार नव्हती. उद्याही नाही. न्याय झाला होता, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच संध्याकाळी कुठं जावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"माय," दयाराम मनकर्णाबाईंना म्हणाला, "सरांले माहीत होतं. मी वर्षभर त्याईच्या तोंडावर खोटं बोललो, आन् त्याईले सगळं माहीत होतं. तुले माहीत होतं का?"

मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि तिथंच मोडलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "तू यायची वेळ झाली का मले म्हणत, उशी नीट कर. पाहू आज पोरगं किती वाढवते."